तोफेचा कान

तोफ वितळून तिचं लालपिवळं पाणी झालं, तरी मोठे काका आणि बाबा एकमेकांशी बोलायला तयार नव्हते. निरोप मात्र जोरात चालले होते आणि ते पोचवायची नोकरी भिंगरीकडे आली होती. बिनपगारी.

"तुझ्या बापाला सांग, झगा आवर. ठिणगी पडली तर रविवारी नुसत्या शर्टावर प्रवचन द्यावं लागेल."

"तुझ्या काकांना सांग, मी याच ओतशाळेत रांगलोय. झगा कसा सांभाळायचा ते मला शिकवू नका म्हणावं."

दोघं हातभर अंतरावर उभे होते. भिंगरीनं निरोप इकडून तिकडे नेले, म्हणजे फक्त मान वळवली.

"भिंगरे, तूच यांना लाडावून ठेवलंयस," आत्या खड्ड्याच्या काठावरून ओरडली. "निरोप बंद कर. मग बघ दोघांचे घसे कसे मोकळे होतात ते."

आत्या म्हणजे दोघांची थोरली बहीण. ओतशाळेतला सगळा चिखल तिच्या हुकमतीखाली. घंटेचा मातीचा साचा तिनंच थापला होता आणि तो आता खड्ड्यात गळ्यापर्यंत पुरलेला होता, वर फक्त धातू प्यायला तोंड उघडं. केस पिकलेल्या भावांना ती अजून मोठ्या आणि छोट्या म्हणायची. धाकटा, म्हणजे भिंगरीचे बाबा, गावच्या चर्चचा पाळक झाला, लोक त्याच्यापुढे माना वाकवून उभे राहायला लागले, तरी हिच्या हाकेत काडीचा फरक पडला नव्हता.

हा धातू या घरात तिसऱ्यांदा वितळत होता. पणजोबांनी त्याची चर्चसाठी घंटा ओतली. मग खिंडीपलीकडचे चाल करून आले, तेव्हा आबांनी, म्हणजे भिंगरीच्या आजोबांनी, तीच घंटा उतरवून तिची तोफ केली. तोफ खिंडीच्या तोंडाशी नेऊन ठेवली, एक गोळा उडाला, समोरच्यांचे कित्येक पडले आणि उरलेले तहाला बसले. गावात गोष्ट सांगतात ती अशी. नंतर तोफ चौकात आली, पोरांच्या दोन पिढ्या तिच्यावर घोडा घोडा खेळल्या आणि यंदा गावसभेनं ठरवलं, पुरे झालं, तिची परत घंटा करा. सगळे खूश. मग कुणीतरी विचारलं, घंटेवर ओळ कोणती घालायची? आणि संपलं.

बाबा म्हणाले, शास्त्रातल्या यशया संदेष्ट्याची: लोक तलवारी मोडून नांगराचे फाळ घडवतील. याहून चपखल काय असणार? मोठे काका म्हणाले, घाला की. पण मग योएलचीही घाला. त्याच शास्त्रात तोही संदेष्टाच आहे आणि तो म्हणतो, फाळ मोडून तलवारी घडवा. आबांनी तेच केलं. त्यांची ओळ कुठे गेली?

"दादा, संदर्भ बघ ना जरा!"

"संदर्भ नेहमी तुझ्याकडे असतो आणि ओळ माझ्याकडे. शांतीचा राजा म्हणतोस ना प्रभूला? मग मी शांती नाही, तलवार घेऊन आलोय, हे कुणाचं बोलणं?"

"आणि तलवार म्यानात घाल, हे कुणाचं?"

"त्याचंच!"

"मग?"

"मग मला काय विचारतोस? पाळक तू आहेस!"

शेवटी आत्यानं निवाडा दिला. घंटेला अक्षरांचे दोन पट्टे, एक खांद्यावर, एक खाली ओठावर. वरचा छोट्याचा, खालचा मोठ्याचा, आता गप्प बसा. आणि खरंच, दोघं गप्प बसलेही असते. पण मध्ये रविवार आला.

*

त्या रविवारचं प्रवचन पाळकाच्या अजून छातीत अडकून होतं.

भरलेल्या चर्चसमोर तो म्हणाला होता, "माझ्या स्वतःच्या वडिलांनी देवाची घंटा मोडून माणसं मारायचं यंत्र केलं. त्या एका गोळ्यानं पलीकडची किती घरं बसली, हे आपण कधी विचारलं नाही. मी आज विचारतो." बोलताना त्याला वाटलं होतं, याला धैर्य म्हणतात. तेवढ्यात पहिल्या रांगेतून दादा उठला, टोपी घेतली आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेला. बूट वाजत होते. एवढा वेळ बूट वाजलेले पाळकानं कधी ऐकले नव्हते.

बायको घरापर्यंत भराभर पुढे चालत राहिली. दाराशी आल्यावर म्हणाली, "प्रवचन छान होतं हो. वडील तुमचेच होते म्हणून परवडलं. दुसऱ्या कुणाच्या वडिलांबद्दल बोलला असतात तर मार खाल्ला असतात."

आणि आज ती दादाच्या बाजूला जाऊन उभी होती. तिनं आपला तुकडा टाकलाही होता, शिवणाचं जुनं पितळी अंगुस्तान. रीतच होती ती पणजोबांपासूनची. ओतायच्या आधी घरातल्या प्रत्येकानं आपल्या हातानं एक तुकडा भट्टीत टाकायचा. मनात कुणाबद्दल गाठ असेल त्यानं टाकायचा नाही. आणि एकाचाही तुकडा राहिला तर ओतायचं नाही. शास्त्रातूनच उचललेली रीत: वेदीपाशी आलास आणि भावाशी बिनसलंय हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी भावाकडे जा. पणजोबांनी वेदीच्या जागी भट्टी ठेवली, एवढंच.

ती रीत एकदाच मोडली होती. तोफेच्या वेळी. त्या दिवशी माईनं, पाळकाच्या आईनं, तुकडा टाकला नाही. आबांनी तरीही ओतलं.

पाळकाच्या मुठीत एक पितळी किल्ली होती आणि ती घामानं ओली झाली होती. टाकायची कशी? खालच्या पट्ट्यासाठी दादानं मेणाची अक्षरं पाडायला घेतली होती, ती त्यानं स्वतः बाकावर पाहिली होती. फाळ, मग मोडून, मग तलवारी. रोज सकाळी आपल्या डोक्यावर तलवारी वाजणार आणि खाली आपण आशीर्वाद देणार.

"छोट्या, टाकतोस का?" आत्या म्हणाली. "कथील तयार आहे. ते एकदा पडलं की थांबता येत नाही. जळून जाईल."

"आधी दादानं टाकावं."

"त्याला सांग," मोठे काका भट्टीकडे बघत म्हणाले, "की आधी त्यानं रविवारचं मागं घ्यावं."

"त्यांना सांग, खरं ते मागं घेता येत नाही."

"मी कुणाला काही सांगणार नाहीये!" भिंगरी म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली. मग तिला तो आवाज आवडला. "मी धातू बघते. तुम्ही भांडा."

*

तिनं धातूची खोली मोजायची मातीची सळई भट्टीत सोडली, बाहेर काढली आणि खुणेपाशी बघितलं. परत सोडली. परत बघितलं.

धातू खुणेच्या खाली होता. थोडाथोडका नाही, वीतभर.

भिंगरीनं ही तोफ चौकातून हातगाडीवर घालून आणली होती. मोठ्या काकांनी करवतीनं तिचे तुकडे केले, तेही भट्टीत तिनंच सोडले: तोंड, गळा, पोट. आणि मग? मग काका म्हणाले होते, "राहिलेलं मी टाकतो. तू मेण घेऊन ये." ती मेण आणायला गेली होती. आली तेव्हा काका भट्टीत जुनी तांब्याची भांडी घालत होते आणि ती आपली गाणं म्हणत मेण ठेवून निघून गेली होती.

वर्षभरापूर्वी ती गप्प बसली असती. वर्षभरापूर्वी तिला वर्गात नाव पुकारलं तरी रडू यायचं. पण आता तिनं पाडलेली मेणाची अक्षरं साच्याच्या पोटात खांद्यावर बसली होती, यशयाची अख्खी ओळ, आणि जिची अक्षरं घंटेवर उमटणार तिनं घाबरायचं म्हणजे कठीणच.

"मोठे काका," तिनं मोठ्यांदा विचारलं, "बूड कुठाय?"

"भिंगरे!" आई ओरडली. "थोरल्या माणसाशी बोलतेस!"

"तोफेचं, आई! तोफेचं बूड! धातू वीतभर कमी आहे. असं ओतलं तर घंटेला वरचे कानच येणार नाहीत, टांगायची कशानं?"

आत्या खड्ड्याच्या काठावरून उठली. गुडघे मोडत आली, सळई हातात घेऊन बघितली आणि भावाकडे वळली.

"मोठ्या?"

मोठ्यानं मान फिरवली. त्याचं तोंड भट्टीपेक्षा लाल झालं होतं.

*

त्यानं हिशेब केला होता की भांड्यांनी भागेल. भट्टीनं त्यातला बराच भाग मळीत, वर तरंगणाऱ्या जळक्या घाणीत, घालवला आणि आता ही पोरगी हातात सळई घेऊन त्याच्याकडे बघत होती. तिला सळई धरायला त्यानंच शिकवलं होतं. उगाच शिकवलं.

करवत बुडातून आरपार गेली तो क्षण त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आतलं दिसलं आणि त्यानं आधी ओतशाळेचं दार लावून घेतलं. बराच वेळ तो तसाच करवत धरून बसला होता. शेवटी तो तुकडा पोत्यात गुंडाळला आणि कोळशाच्या कोठीत खाली ढकलला.

नंतरच्या रविवारी धाकटा वरून बोलत होता, आणि खाली पहिल्या रांगेत बसून त्याला एका वाक्यात गप्प करता आलं असतं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. म्हणून तर तो उठून गेला. तिथं बसला असता तर बोलला असता.

"मोठ्या, तांबं थांबणार नाही," आत्या म्हणाली. "आहे का नाही तुकडा?"

त्यानं भट्टीकडे पाहिलं, साच्याच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. घंटा अपुरी निघाली तर? या घरातून आणखी एक फसलेलं ओतकाम? नाही. ते नाही.

तो कोठीत गेला आणि छातीशी पोतं धरून परत आला. फरशीवर ठेवलं, धाकट्यासमोर. आणि त्या रविवारनंतर पहिल्यांदा निरोप्याशिवाय बोलला.

"बघ."

पाळक खाली बसला. झगा कोळशात गेला, त्याचं त्याला भान नव्हतं. बुडाच्या कापलेल्या तोंडात मुठीएवढी पोकळी होती, किडलेल्या दाढेसारखी.

"ओतताना वारा अडकला," मोठा म्हणाला. "दारू भरून बत्ती दिली असती तर तोफ जागच्या जागी फुटली असती. आणि आता हे बघ. हा तोफेचा कान. बत्ती द्यायचं भोक. वरून खाली दारूपर्यंत जायला हवं ना? कुठं जातंय?"

भोक बोटाच्या दोन पेरांवर थांबलं होतं. खाली भरीव धातू.

"पाडलंच नाही?" पाळक म्हणाला.

"सुरू केलं आणि सोडून दिलं."

"मग गोळा?"

"कसला गोळा? ही तोफ मुकी आहे, छोट्या. जन्मापासून."

पाळकानं हात पुढे केला आणि करंगळी त्या भोकात घातली. दोन पेरं गेली आणि थांबली. त्याचा चेहरा एकदम लहान झाला.

"मी चौकात तिच्यावर बसायचो ना," तो हळूच म्हणाला, "तेव्हा रोज बोट घालायचो इथं. पुढं जायचंच नाही. मला वाटायचं, माती बसलीय."

*

आत्याला मात्र सगळं आता आठवलं, आणि आठवलं तेव्हा ती काठावर परत बसली.

ती तेव्हा परकर सावरायच्या वयाची. साचा फोडला, तोफ बाहेर आली, आणि आबांनी तिच्या बुडावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. कान लावून परत टकटक. मग ते तिथंच जमिनीवर बसले. माई जेवायला बोलवायला आली, उठले नाहीत. पुढच्या दिवशी त्यांनी गिरमिट घेतलं आणि तिला दिवा धरायला लावला. गिरमिट फिरत होतं आणि मध्येच थांबलं. आबा म्हणाले होते, "एवढं पुरे."

"मला वाटलं, गिरमिट बोथट झालं," ती म्हणाली. "त्यांनी आपल्या पोरांसाठी थांबवलं रे. भोक असतं तर बत्ती द्यायला कुणीतरी गेलंच असतं."

"आणि तशीच नेऊन खिंडीत ठेवली?" भिंगरीची आई म्हणाली. "मुकी तोफ? समोर अख्खी फौज असताना?"

"ठेवली. आणि ते तहाला बसले."

"पण मग नंतर तरी सांगायचं ना आजोबांनी!" भिंगरी म्हणाली. लगेच तिचं तिलाच कळलं. "नाही. कसं सांगणार? पलीकडच्यांना कळलं असतं, आपण एका रिकाम्या डब्याला भ्यालो, तर तह टिकला असता होय?"

पाळक अजून तसाच बसला होता, करंगळी भोकात. "दादा, तुला हे माहीत होतं. त्या रविवारी तुला माहीत होतं! आणि मी भर चर्चमध्ये त्यांना... तू उठून सांगायचंस ना!"

"काय सांगायचं? आबांचं ओतकाम फसलं म्हणून? भर चर्चमध्ये?"

"म्हणजे मी त्यांना खुनी म्हटलं ते तुला चाललं, पण..."

"खुनी माणसाला देवाच्या दारात माफी आहे, तूच सांगतोस," मोठा म्हणाला. "कच्च्या ओताऱ्याला कोण माफ करतं?"

मग भिंगरीच्या आईला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला, उपयोग झाला नाही. आत्या हसली ती खोकल्यापर्यंत गेली. आणि पाळक, जमिनीवर, झग्यासकट, असा हसायला लागला की डोळ्यांतून पाणी. ते नुसतं हसण्याचं नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं.

"चुकलो, दादा," तो म्हणाला. "येत्या रविवारी त्याच जागी उभा राहून सांगतो."

"पोकळीचं सांगायचं नाही."

"कानाचं सांगतो."

"कानाचं सांग. पोकळीचं नाही."

"नाही, बाबा, नाही!" पाळक उठला आणि मूठ उघडली. किल्ली तळहातावर उमटली होती. "पण एक आधीच सांगतो. तुझी खालची ओळ मला अजून पटलेली नाही. पटणारही नाही. तलवारी घडवा म्हणणारी घंटा मी वाजवीन, पण वाजवताना कुरकुरीन."

"कुरकुर की. गाठ आहे का मनात?"

पाळकानं मनात बघून घेतलं. जिथं इतके दिवस दुखत होतं तिथं काही नव्हतं.

"नाही. गाठ नाही."

"मग टाक."

किल्ली गेली. भिंगरीनं शाळेच्या पट्ट्याचं बक्कल टाकलं, आत्यानं दाराची बिजागरी. आणि मोठ्यानं तोफेचं बूड दोन्ही चिमट्यांत धरून असं सोडलं की एक थेंबही उडाला नाही. पोकळी, कान, सगळंच हळूहळू लाल झालं, वाकलं आणि नाहीसं झालं. भिंगरीनं सळई सोडली.

"खुणेवर!" ती किंचाळली. "बरोब्बर खुणेवर!"

"कथील!" आत्या ओरडली.

मग कुणालाच बोलायला सवड नव्हती. कथील गेलं, धातू पांढरा पडत चमकला, पन्हळीचं दार वर गेलं आणि तो प्रवाह साच्याच्या तोंडाकडे धावला. मोठा पन्हळीच्या एका बाजूला, छोट्या दुसऱ्या, दोघांच्या हातात मळी अडवायच्या फावड्या. "डावीकडे, दादा!" "बघतोय!" "जरा हळू!" "तू हळू!" इतकं ते वर्षभरात एकमेकांशी बोलले नसतील. साच्याचं तोंड काठोकाठ भरलं आणि वरच्या छिद्रातून निळी ज्योत उभी राहिली. वारा बाहेर पडत होता. सगळाच्या सगळा.

*

घंटा निवेपर्यंत मोठ्याला ना झोप धड लागली, ना भूक. ती वर काढायच्या दिवशी आत्यानं स्वतः साचा फोडला. माती ढेकळांनी पडत गेली आणि भिंगरी पाठोपाठ ब्रश मारत गेली. खांद्यावर तिची अक्षरं आली, एकही न मोडलेली: तलवारी, फाळ, सगळं.

"आता खालचं," पाळक म्हणाला आणि कुरकुरायच्या तयारीनं पुढे वाकला.

आत्या मात्र त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो पट्टा मातीनं झाकायच्या आधी तिनं वाचला होता आणि तेव्हापासून ती या घडीची वाट बघत होती.

पाळकानं बोट फिरवत वाचलं. मग पहिल्यापासून परत वाचलं. तलवार नव्हतीच. फाळही नव्हता. मोठ्या काकांच्या हातची जाड, जरा तिरकी अक्षरं होती:

अशक्तानंही म्हणावं, मी बलवान आहे.

"दादा," तो म्हणाला, "ही तर त्याच ओळीची शेपटी. योएलच. फाळ मोडून तलवारी घडवा, त्याच्या लगेच पुढचं. मी शंभरदा वाचलंय आणि दरवेळी तलवारीपाशीच थांबलोय."

"मीही तिथंच थांबलो होतो. तोफ कापेपर्यंत."

"आणि बाकावरची ती अक्षरं?"

"वितळवली. मेणच ते." मोठ्यानं घसा खाकरला. "शिवाय अख्खी ओळ पट्ट्यावर मावतही नव्हती."

"मावत होती," भिंगरी म्हणाली. "मी मोजलं होतं."

"तू गप गं!"

त्यानं हातोडा पाळकाच्या हातात दिला आणि पाळकानं तो परत त्याच्याच हातात ठेवला. पण मोठ्यानं हातोडा वापरला नाही. तो घंटेजवळ गेला, वाकला आणि ओठापाशी बोटाच्या पेरानं टकटक केलं. ती आबांचीच टकटक होती, आत्यानं ओळखलं. त्यानं कान लावला. परत टकटक.

आवाज आधी बारीक उठला, मग जाड झाला, मग जमिनीतून सगळ्यांच्या पायांत आला. ओतशाळेच्या खिडक्या बोलायला लागल्या. तो थांबेचना. भिंगरीनं दोन्ही हात घंटेवर ठेवले आणि तिचे दात सुद्धा गुणगुणायला लागले. कुठंही अडखळ नाही, कुठंही भोक नाही, आवाज सलग, भरीव, दारातून बाहेर, चौकावरून, खिंडीच्या दिशेनं.

मोठा तिथंच जमिनीवर बसला, घंटेला पाठ टेकून.

छोट्या त्याच्या शेजारी बसला. बोलण्याइतका आवाज अजून कमी झाला नव्हता.

"चला, जेवायला चला," आत्या म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर माईची तीच हाक आठवून ती दाराशी थांबली.

मोठ्यानं एक हात जमिनीवर टेकला, दुसरा भावाच्या खांद्यावर ठेवला, आणि तो उठला.